देवीला घातलेला अर्धा प्रश्न

आमच्या रुग्णालयात पहिल्यांदा येणारा माणूस बहुधा मलाच रुग्ण समजतो. त्याची चूक नाही. आमच्या डॉक्टरांना वॉर्डात गणवेश आवडत नाही, त्यामुळे मी घरचाच चौकड्यांचा शर्ट घालून असतो, पायात चप्पल नसते, आणि पुष्कळदा एखाद्या रुग्णाशेजारी आंब्याखाली गप्प बसलेला असतो. एकदा एका रुग्णाच्या मेव्हण्याने मला केळं दिलं आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "जेवलास का? घरची आठवण येते का?" मी केळं खाल्लं. आठवण येते म्हणालो. एवढ्या मायेने विचारतोय, त्याला कशाला खजील करा.

कसालच्या बाजारातून आत वळलं की थोड्या अंतरावर हे पंचवीस खाटांचं मानसोपचार रुग्णालय आहे, आणि तिथे मी सव्वीस वर्षं परिचर आहे. या अंकाच्या संपादकांनी कामातले गमतीदार अनुभव लिहा म्हणून सांगितलं. ते माझ्याकडे भरपूर आहेत. आमच्या नात्यातल्या कुठल्याही लग्नात पंगत उठली की लोक माझ्याभोवती खुर्च्या ओढतात आणि मी सुरू होतो. फक्त ते अनुभव 'माझ्या ओळखीच्या एका माणसाला' आलेले असतात. हा ओळखीचा माणूस आमच्याकडे फार लोकप्रिय आहे. मी स्वतः हॉस्पिटलात 'ऑफिसात' असतो. माझं लग्नही त्या ऑफिसावरच जमलं. बायकोला खरं काम कळलं तेव्हा ती चार दिवस बोलली नाही, आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "माझ्या माहेराक सांगा नको." तेव्हापासून आम्ही दोघं मिळून ते ऑफिस चालवतो.

परिचराचं काम सांगायला सोपं आहे. रुग्णाला उठवायचं, आंघोळ, दाढी, जेवण, गोळी. गोळी तोंडात गेली म्हणजे पोटात गेली असं नसतं, म्हणून त्याला जीभ वर करायला सांगायची, गाल दाखवायला सांगायचे. माणूस भेदरलेला असेल तर त्याच्या आणि दाराच्या मध्ये कधी उभं राहायचं नाही, आणि बसायचं तर त्याच्यापेक्षा खाली. त्याला कोणाचे आवाज ऐकू येत असतील तर 'असं काही नाही' म्हणायचं नाही, आणि 'मलाही येतात' असंही नाही. 'तुम्हाला येतायत, त्रास होत असेल' इतकंच म्हणायचं. नर्सच्या अंगावर सगळ्या वॉर्डाचा भार असतो. इंजेक्शनं, औषधं, नोंदी, डॉक्टरांची फेरी. तिला एकापाशी बसून चालत नाही. आम्ही बसतो. बसण्याचा पगार घेणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच. फुकट बसणारे मात्र पिढ्यानपिढ्या झाले.

आता तेजलबद्दल. तेजल माझी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी. बहिणीला आम्ही बाय म्हणतो. ती दिलेली आहे कसालपासून आणखी आत, काजू-आंब्याच्या गावात. सात वर्षांपूर्वी बारावीची परीक्षा संपल्यावर तेजल आमच्याकडे राहायला आली आणि दुपारचा डबा घेऊन रुग्णालयात यायला लागली. डबा देऊन परत जायचं, असं ठरलं होतं. ती पडवीत बसून राहायची. डॉक्टर एकदा तिच्याकडे बघून गेले, त्यांनी हरकत घेतली नाही.

त्या दिवसांत आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांचं नाव-गाव सांगत नाही, आणि थोडंफार बदललंही आहे. गुरुजी शांत, वाचणारे, कोणाच्या वाटेला न जाणारे, पण आंघोळ करायचे नाहीत. न्हाणीघराच्या दारापर्यंत येत, आणि तिथे अंग थरथरायला लागे. नातेवाइकांनी सांगितलं होतं की ते पाण्याला घाबरतात. असा माणूस जबरदस्तीने भिजवायचा नसतो. एकदा भिजवलात की पुढे सहा महिने तो तुमच्या हातून पाणीही पीत नाही. म्हणून मी माझी जुनी युक्ती काढली. रोज सकाळी गुरुजींच्या समोर पायरीवर बसायचं आणि तांब्याभर पाण्याने स्वतःचे पाय धुवायचे. बोलायचं काही नाही. बघून बघून माणसाची भीती मोडते. आठवडाभर मी पाय धूत होतो. माझे पाय इतके स्वच्छ झाले की बायकोला शंका आली, पण गुरुजी जागचे हलले नाहीत.

तेजल चार दिवस पडवीतून हे बघत होती. पाचव्या दिवशी डबा माझ्या हातात देताना म्हणाली, "मामा, गुरुजींका पाण्याचा भय नाय. रिकामी बादली नळाखाली ठेवलंस की जो आवाज येता, तेचा भय आसा."

मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं. कोणी नाही. तिने फक्त बघितलं होतं. मी पाय धुवायचो तेव्हा गुरुजी माझ्याकडे नीट बघत असायचे. थरथर सुटायची ती आत कोणीतरी लोखंडी बादलीवर नळ सोडला की.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या मागे बादली भरून घेतली आणि आवाज न करता न्हाणीघरात नेऊन ठेवली. गुरुजी आत गेले, दार लोटून घेतलं, आणि थोड्या वेळाने आतून पाणी अंगावर घेतल्याचा आवाज आला. मी दाराबाहेर उभा होतो. एकोणीस वर्षं मी हे काम केलं होतं, आणि माझ्या आयुष्यभराच्या युक्तीने फक्त माझे पाय स्वच्छ निघाले होते.

डॉक्टरांना सांगताना मी म्हणालो, "आमच्या लक्षात आलं, सर."

"आमच्या म्हणजे कोणाच्या?" त्यांनी विचारलं. त्यांना असलं बरोबर कळतं. मग नाव सांगावं लागलं.

त्यांनी मला बसायला सांगितलं. गोव्याकडच्या एका संस्थेत सायकिअॅट्रिक टेक्निशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला होता. म्हणजे मी जे चुकतमाकत शिकलो ते सगळं नीट, शास्त्राने शिकवायचं. रुग्णाशी बोलणं, त्याच्यातला बदल ओळखणं, बिघडायच्या आधीची लक्षणं, घरच्यांना समजावणं, विजेचा झटका देण्याच्या उपचाराआधीची तयारी, बऱ्या झालेल्याला पुन्हा कामाला लावणं. आपल्या जिल्ह्यात असा शिकलेला एकही माणूस आपल्या माहितीत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पोरीला पाठवा, परत आली की तिला इथे घेतो.

मी तेजलला सांगितलं. ती त्या दिवशी जेवताना दोनदा भात घ्यायला विसरली.

बायच्या घरी मात्र आधीच ठरलं होतं की पोरगी नर्स होणार. सरकारी नर्सिंग, तीन वर्षं, मग कुठेही नोकरी, सगळे 'सिस्टर' म्हणतात, गावात कोणाला ताप आला तर घरी विचारायला येतात. माझ्या भावोजींनी टेक्निशियन हा शब्द ऐकून विचारलं, हे मशीनचं काम काय. मी म्हटलं, माणसांचं. ते म्हणाले, मग टेक्निशियन कशाला म्हणतात. याचं उत्तर मला आजही देता आलेलं नाही. बायने मशीनबिशीन काही विचारलं नाही. ती थेट म्हणाली, "येड्यांच्या हॉस्पिटलात गेली तर तिका सोयरीक खंयसून येतली?"

तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. या धंद्यातला घरातला एकुलता एक माणूस मी, आणि बायच्या घरी तेवढं खरं ठाऊक होतं. मी म्हणायला हवं होतं की बाय, मी तिथेच आहे, आणि तुझी पोरगी माझ्यापेक्षा हुशार आहे. मी म्हणालो, "दोन्ही बरे आसत." आणि पोह्यांत लिंबू पिळलं.

असं का म्हणालो, ते सांगायचं तर त्याच्या आधीच्या आठवड्यातली एक गोष्ट सांगायला हवी. ही मी पंगतीत कधी सांगितलेली नाही, ओळखीच्या माणसाच्या नावावरसुद्धा.

गुरुजी बरे होऊन घरी गेले होते. मी बायकोच्या काकांबरोबर कसालच्या बाजारात उभा होतो. हे काका म्हणजे आमच्या सासुरवाडीचं वजनदार माणूस, शिक्षण खात्यातून निवृत्त. समोरून गुरुजी आले. धुतलेला सदरा, नीट दाढी, हातात भाजीची पिशवी. आमच्या कामात एक रीत आहे. बरा झालेला माणूस रस्त्यात भेटला तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही, कारण त्याच्याबरोबर कोण आहे आणि त्याला काय माहीत आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. त्याने ओळख दाखवली तर मात्र घ्यायची. गुरुजींनी दाखवली. दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "ओळखलंत ना? तुमच्यामुळे माणसात आलो."

काका माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. मी तो नव्हे."

गुरुजी माझ्याकडे बघून, काकांकडे बघून, म्हणाले, "माफ करा, माझीच चूक झाली." आणि गेले. त्यांना सगळं कळलं होतं. वेडातून उठून आलेल्या माणसाने मला सांभाळून घेतलं. काका म्हणाले, "कोण होतो? जरा डोक्यान अधू दिसता." मी म्हणालो, असेल.

तर असा मी. लिंबू पिळून बसलो होतो. शेवटी बायनेच तोड काढली, देवीला विचारू. आमच्याकडे घर बांधायचं, मूल कुठल्या शाळेत घालायचं, म्हैस विकायची, सगळ्याला कौल लावतात. देवीच्या मूर्तीला उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तेजलने मान डोलावली. मला म्हणाली, "मामा, प्रश्न तू घाल. दोन्ही शिक्षणां तुका ठावक आसत. देवी जा सांगात ता मी करतलंय."

सोमवारी सकाळी गेलो. गुरव बाबीकाका, वय झालेला, नीट माणूस. गाऱ्हाणं घालण्याआधी तो प्रश्न विचारणाऱ्याला बाहेर पायरीवर बसवतो आणि सगळं ऐकून घेतो. मला म्हणाला, "काय ता सगळा सांग. दोन गोष्टी असतीत तर दोन प्रश्न घालूचे लागतत. देवीक अर्धा सांगलंस तर ती अर्ध्याचाच उत्तर देतली."

पायरीपासून चार हातांवर तेजल नारळ घेऊन उभी होती.

मी म्हणालो, "एकच प्रश्न. चेडवाक नर्सिंगाक घातला तर बरा होईत काय."

"आणखी काय इचारूचा आसा?"

"नाय."

बाबीकाका आत गेला. पाकळ्या लावल्या. "गे माते, ह्या तुझ्या लेकरान भाचयेच्या शिक्षणाचो प्रश्न तुझ्या पायाकडे घातलो हा," असं त्याने सुरू केलं आणि आम्ही प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत गेलो. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. उजवी पाकळी पडायला वेळही लागला नाही. पडणारच. नर्सिंग शिकून कोणाचं वाईट होतं? देवीला नाही म्हणायला मी जागाच ठेवली नव्हती. बायने डोळे पुसले, भावोजींनी नमस्कार घातला. तेजल माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. पडवीत बसून गुरुजींकडे बघायची तसं बघत होती.

परतताना रिक्षात ती माझ्या शेजारी होती. घर जवळ आलं तेव्हा म्हणाली, "मामा, दुसरो प्रश्न रवलो."

मी म्हटलं, "पयल्याचो उजवो पडलो, मगे दुसरो कित्याक?"

डॉक्टरांना मी सांगितलं की देवीचा कौल मिळाला नाही. तो प्रश्न मीच घातला नाही हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. देवी काही रुग्णालयात येऊन विचारणार नव्हती. डॉक्टर म्हणाले, "बरं," आणि पुढची फाइल उघडली.

तेजल नर्स झाली. चांगली झाली. गोव्यात एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वॉर्डात असते, आणि बाय गावभर सांगते. सुट्टीला आली की माझ्या पाया पडते, डबा आणते, वॉर्डाची चौकशी मात्र करत नाही. मीही तो विषय काढत नाही. दरम्यान माझी पाठ गेली, दोन परिचर बदलले, तिसरा मोबाइल बघत बसणारा मिळाला. एक बाई अडीच महिने आमच्याकडे होती आणि कोणाशी एक शब्द बोलली नाही. मी तिच्यापाशी बसून बसून हरलो. तेव्हा रोज मनात यायचं की तेजल असती तर चौथ्या दिवशी तिने सांगितलं असतं. एवढं मनात यायचं आणि मी गोळ्यांचा ट्रे उचलायचो.

गेल्या मार्गशीर्षात तेजलचं लग्न ठरलं, रेडीच्या एका घरात. मुलगा बंदरावर नोकरीला, समंजस. बोलणी करायला मुलाचे वडील बायच्या घरी आले. चहा झाला, काजूचं पीक झालं, मग त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. मामा काय करतात.

"हॉस्पिटलात असतंय," मी म्हणालो.

"खंयच्या?"

"हय, कसालच्या बाजूक."

"थंय ता मानसिकचा आसा, ताच काय?"

बाय माझ्याकडे बघायला लागली. बायको जमिनीकडे. मी "ऑफिसात" हा शब्द तोंडात जुळवत होतो, तेवढ्यात तेजल दारातून म्हणाली, "ताच. माझो मामा थंय वॉर्डात आसा. सव्वीस वर्षां."

पाहुण्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, गेली सोयरीक. मग ते उठले आणि मला म्हणाले, जरा बाहेर येता?

बाहेर काजूच्या झाडापाशी त्यांनी मला सांगितलं की त्यांचा धाकटा भाऊ बारा वर्षं घरात मागच्या खोलीत आहे. हे मुलीकडे आधीच सांगायचं होतं, पण कसं काढावं ते त्यांना सुचत नव्हतं. औषध चालू आहे. पण त्याच्यापाशी बसणारं, त्याला न्हायला-जेवायला लावणारं कोणी नाही. घरातले सगळे थकले. "असो शिकलेलो माणूस खंय मेळात काय? घरी येणारो?"

"मेळाचो नाय," मी म्हणालो. "आमच्या बाजूक असा शिकलेला कोण नाय."

"तुमी सव्वीस वर्षां आसास ना थंय?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ते खरंच विचारत होते. "इतक्या वर्षांत एक पण माणूस तयार केलास नाय?"

मला वाटतं, टोमणा असता तर मी काहीतरी गमतीचं बोलून सुटलो असतो. मी म्हणालो, "एक होती. तिका जाव्क मीच दिलंय नाय." आणि मग, का कोण जाणे, होणाऱ्या व्याह्यांना मी सगळं सांगितलं. कोर्स, पायरी, एकच प्रश्न. कोण ते त्यांनी विचारलं, आणि मी घराकडे बघितलं.

ते म्हणाले, "माका सांगान काय उपेग? तिका सांगा."

तेजल मागच्या पडवीत कप विसळत होती. मी खांबाला टेकून उभा राहिलो आणि म्हटलं, त्या दिवशी देवळात मी मुद्दाम एकच प्रश्न घातला होता.

"ठावक आसा माका," ती म्हणाली. "मी थयसरच उभी होतंय."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

तिने कप पालथा घातला. "माका देवीचा उत्तर नको होता, मामा. माका वाटलेला, तू एकदा तरी म्हणशीत, माझ्यासारखा काम कर. तू 'नाय' म्हटलंस तेव्हा कळला, तुका त्या कामाची लाज वाटता. मगे मी कोणाच्या तोंडाकडे बघून थंय गेलं असतंय?"

सव्वीस वर्षं लोकांना बोलतं करण्याचं काम करतो, आणि खांबाला नख लावून उभा होतो. ती कप विसळत राहिली. शेवटचा झाल्यावर हात पुसले आणि म्हणाली, "रविवारी माका सुट्टी आसा. रेडीक जातंय, तेंच्या भावाक बघूक."

मी विचारलं, "मी येव?"

"तुझा तू ठरव," ती म्हणाली. "पण वाटेत कोणी इचारला खंय चललास, तर काय ता नीट सांग."